वैद्याच्या हातांतील विडी

आमच्याकडे एका खेड्यांतील उपदेशक बंधूंचें पत्र आलें आहे. त्यांच्या मंडळींतील एक वयस्क सभासद पुष्कळ दिवस खोकल्यानें त्रस्त आहेत. एका सायंकाळीं उपासना आटोपल्यावर उपदेशकांनीं त्यांच्याजवळ बसून विडी सोडण्याविषयीं प्रेमानें विनंती केली. तेव्हां ते गृहस्थ शांतपणें म्हणाले, "मास्तर, ज्या कंपाउंडरसाहेबांच्या हातून मी खोकल्याचें औषध घेतों, ते स्वतः दवाखान्याच्या भिंतीआड उभे राहून विडी ओढतात. शरीराची माहिती तुम्हांला जास्त कीं त्यांना? विडी जर विष असती, तर त्यांनीं ती तोंडाला लावली असती काय?" हें ऐकून उपदेशक निरुत्तर झाले, आणि घरीं येऊन त्यांनीं आम्हांस लिहिलें. पत्राच्या शेवटीं त्यांनीं दोन ओळी स्वतःविषयीं लिहिल्या आहेत. त्यांकडे आम्ही मागाहून वळूं.

हा प्रश्न एका विडीचा नव्हे. त्याच्या पोटांत दोन प्रश्न आहेत. पहिला असा कीं, जो मनुष्य स्वतः एका व्यसनानें बांधलेला आहे, त्याचा सल्ला व्यर्थ होय काय? दुसरा असा कीं, ज्याला त्या व्यसनाचे परिणाम आपणां सर्वांहून अधिक ठाऊक आहेत, तोच तें कां सोडीत नाहीं? तो ढोंगी आहे, आजारी आहे, कीं पापी आहे? दुसऱ्या प्रश्नाचा उलगडा झाल्याखेरीज पहिल्याचें उत्तर नीट देतां येणार नाहीं. तथापि त्या वयस्क बंधूंच्या बोलण्यांत सत्य किती आहे, हें आधीं पाहूं.

जाणता मनुष्य ज्या वस्तूचें सेवन करितो ती वस्तु निर्दोष असलीच पाहिजे, असा त्यांचा आधार आहे. ह्या आधाराची परीक्षा एकदां मोठ्या प्रमाणावर झालेली आहे, आणि ती डॉक्टरांच्याच जिवावर झालेली आहे. इंग्लंडांत रिचर्ड डॉल व ब्रॅडफर्ड हिल ह्या दोन संशोधकांनीं १९५० सालीं असें दाखवून दिलें कीं, फुप्फुसाच्या कर्करोगानें आजारी पडलेल्यांत पुष्कळ सिगारेटी ओढणारांचें प्रमाण फार मोठें असतें. डॉल हे स्वतः सिगारेट ओढीत असत. हातीं आलेले आंकडे पाहून त्यांनीं ती सोडिली. पुढें ऑक्टोबर १९५१ मध्यें ह्या दोघांनीं ब्रिटनांतील सर्व डॉक्टरांना पत्रें पाठवून ते काय ओढतात व किती ओढतात हें विचारिलें. त्या काळीं बहुसंख्य पुरुष डॉक्टर धूम्रपान करीत असत किंवा पूर्वीं करीत आलेले होते. ज्यांनीं उत्तरें पाठविलीं त्यांपैकीं ३४,४३९ पुरुष डॉक्टरांच्या आयुष्याची व मृत्यूची नोंद पुढें पन्नास वर्षें ठेवण्यांत आली.

१९५४ सालीं पहिलें निवेदन बाहेर पडलें. जितकें धूम्रपान अधिक तितके फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यु अधिक, हें त्यांत दिसून आलें. २००४ सालीं पन्नास वर्षांचा हिशेब पुरा झाला. जन्मभर सिगारेट ओढीत राहिलेले डॉक्टर, न ओढणाऱ्या डॉक्टरांपेक्षां सरासरीनें सुमारे १० वर्षें आधीं मरण पावले होते. त्यांचें ज्ञान, त्यांच्या पदव्या, त्यांच्या कपाटांतील औषधें, ह्यांपैकीं कशानेंही धुराचा स्वभाव पालटला नाहीं. तेव्हां त्या बंधूंना आमचें पहिलें उत्तर हें कीं, डॉक्टर विडी ओढतो ह्यावरून विडी निर्दोष ठरत नाहीं. डॉक्टरही मरतो, एवढेंच ठरतें.

शिवाय, हा युक्तिवाद मूळचा त्यांचा नव्हे, हेंही त्यांस सांगितलें पाहिजे. १९४६ सालीं अमेरिकेंत कॅमल नांवाची सिगारेट विकणाऱ्या कंपनीनें मोठमोठ्या जाहिराती काढून असें पुकारिलें कीं, दुसऱ्या कोणत्याही सिगारेटपेक्षां आमची सिगारेट ओढणारे डॉक्टर अधिक आहेत. चित्रांत पांढरा अंगरखा घातलेला, प्रसन्न मुद्रेचा डॉक्टर असे. वैद्याचा शब्द लोक मोडीत नाहींत, आणि वैद्याचें उदाहरण तर शब्दाहूनही बलवान असतें, हें व्यापाऱ्यानें बरोबर ओळखिलें होतें. आज आपल्या खेड्यांत तशी जाहिरात कोणी लावीत नाहीं; परंतु दवाखान्याच्या भिंतीआड उभा राहणारा मनुष्य तेंच काम, कांहीं एक वेतन न घेतां, नकळत करीत असतो.

आतां दुसरा प्रश्न. हें सर्व ठाऊक असून तो कां ओढतो? ह्याचें उत्तर तंबाखूच्या पानांत जें द्रव्य असतें त्याच्या गुणांत आहे. त्या द्रव्याचें नांव निकोटीन. ज्यां निको नांवाच्या फ्रेंच वकिलानें १५६० च्या सुमारास पोर्तुगालांतून आपल्या राजदरबारीं तंबाखू पाठविली, त्याच्यावरून हें नांव पडलें. आणि १८२८ सालीं जर्मनींतील हायडेलबर्ग येथें तें द्रव्य पानांतून प्रथम वेगळें काढण्यांत आलें. तंबाखूचें झाड हें विष आपल्या पानांत किडीपासून रक्षण व्हावें म्हणून तयार करितें. पिकावर मावा पडला असतां तंबाखूचा काढा करून फवारण्याची रीत आपल्या शेतकरी बंधूंस माहीत आहेच; त्या काढ्याची शक्ति ती हीच.

धूर छातींत ओढला म्हणजे हें द्रव्य फुप्फुसांतून रक्तांत व रक्तांतून मेंदूंत पोहोंचतें, आणि ह्याला दहा ते वीस सेकंद पुरतात. आमच्या मेंदूंत देवानें जणूं बारीक बारीक कुलुपें ठेविलीं आहेत. शरीरांतच तयार होणाऱ्या एका रसाच्या किल्लीनें तीं उघडावीं अशी योजना आहे. निकोटीन ही त्या कुलुपांना लागणारी खोटी किल्ली होय. ती फिरली कीं मेंदूंत डोपामिन नांवाचा दुसरा रस सुटतो, आणि मनाला असें वाटतें कीं, कांहीं चांगलें घडलें, हें पुन्हां करावें. अन्न मिळालें असतां, तहान भागली असतां जी खूण मेंदू मनाला देतो, तीच खूण येथें चोरून मिळविली जाते. पुढें दररोज ही खोटी किल्ली फिरूं लागली म्हणजे मेंदू अशीं कुलुपें वाढवितो. मग किल्ली येण्यास उशीर झाला कीं तीं रिकामीं कुलुपें ओरड करूं लागतात. मनुष्य चिडखोर होतो, त्याचें कामांत लक्ष लागत नाहीं, झोंप नाहींशी होते. रक्तांतील निकोटीन दोन तासांत निम्मेंच उरतें. म्हणून विडीचा बंडल कमरेला ठेवावा लागतो.

येथें एक मोठा भ्रम आहे. विडी ओढणारा म्हणतो, "हिच्यानें माझें मन शांत होतें." परंतु मन अशांत बहुधा हिनेंच केलेलें असतें. सावकार पहिलें कर्ज हंसतमुखानें देतो. मग दर महिन्यास व्याज भरून मनुष्य घरीं येतो आणि आज ओझें उतरलें म्हणून समाधान मानितो. तें समाधान खरें असतें, परंतु तें धन मिळाल्याचें नसतें. तगादा थोडा वेळ थांबल्याचें असतें. प्रत्येक विडी मागील विडीचें व्याज भरिते, आणि मुद्दल जागच्या जागीं राहतें.

ज्यांच्याकडे रुग्णसेवेचें काम आहे त्यांना हा सावकार विशेषेंकरून कां गांठतो, हेंही समजून घेतलें पाहिजे. रात्रपाळी करणारी परिचारिका, अपघातांत सांपडलेल्यांचें रक्त पुसणारा ड्रेसर, दिवसभर रांग संपत नाहीं असा कंपाउंडर, ह्यांच्या वांट्यास थकवा व इतरांचें दुःख भरपूर येतें. ज्या खाटेवरील मुलाला वांचविण्यासाठीं रात्र जागली ती खाट सकाळीं रिकामी दिसते, आणि लगेच दुसऱ्या रोग्याकडे वळावें लागतें. "जरा बसतों, रडतों, प्रार्थना करितों," असें म्हणण्यास तेथें वेळ मिळत नाहीं. "जरा ओढून येतों," असें म्हटलें तर मात्र कोणी अडवीत नाहीं. विसांव्याचीं तेवढीं पांच मिनिटें विडीच्या नांवावर मिळतात, आणि विसांव्याचें श्रेय विडीला जातें. आम्ही हें त्यांचें समर्थन म्हणून लिहीत नाहीं. परंतु ज्यानें ती रात्र काढिली नाहीं त्यानें लवकर न्याय करूं नये.

ज्ञानानें मनुष्य सुटत नाहीं ह्याचें एक प्रसिद्ध उदाहरण आहे. व्हिएन्ना शहरांतील डॉक्टर सिग्मंड फ्रॉइड ह्यांनीं मनुष्याच्या मनांतील गुप्त प्रेरणांचा अभ्यास केला. त्यांच्या पुष्कळ मतांशीं आमचा मेळ नाहीं, तथापि मनाच्या खोलींत त्यांच्याइतके शिरलेले लोक थोडे. १८९४ च्या सुमारास त्यांच्या हृदयाला त्रास होऊं लागला व वैद्य मित्रानें त्यांस सिगार सोडण्यास सांगितलें. त्यांनीं सोडून पाहिली, सुटली नाहीं. १९२३ सालीं त्यांच्या तोंडांत कर्करोग निघाला. पुढील सोळा वर्षांत तीसाहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, जबड्याचा भाग काढून त्या जागीं कृत्रिम तुकडा बसवावा लागला, तरी १९३९ सालीं मृत्यु येईपर्यंत सिगारेनें त्यांस सोडिलें नाहीं. जो इतरांच्या मनाच्या गांठी उकली, त्याची स्वतःची गांठ उकलली नाहीं. अशा मनुष्यास आपण ढोंगी म्हणावें काय? आम्हांस तो बंदिवान दिसतो.

वैद्यकशास्त्रालाही हा बंदिवास उघडपणें मान्य करण्यास वेळ लागला. १९६४ सालीं अमेरिकेच्या सर्जन जनरलांनीं धूम्रपानाच्या दुष्परिणामांवर मोठा अहवाल काढिला, परंतु त्यांत तंबाखूस व्यसन न म्हणतां केवळ संवय म्हटलें होतें. १९८८ सालीं त्या पदावर डॉ. एव्हरेट कूप हे होते. ते मुलांचे नामांकित शल्यचिकित्सक, आणि प्रेस्बिटेरियन मंडळींतील दृढ विश्वासू गृहस्थ. त्यांनीं आपल्या अहवालांत स्पष्ट सांगितलें कीं, निकोटीन व्यसन लाविणारें द्रव्य आहे, आणि तें ज्या रीतीनें मनुष्यास धरितें ती रीत हेरॉइन व कोकेन ह्यांच्या रीतीसारखीच आहे. एवढें झाल्यावरही १९९४ सालीं सात तंबाखू कंपन्यांच्या प्रमुखांनीं अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढें शपथेवर सांगितलें कीं, आमच्या समजुतीप्रमाणें निकोटीन व्यसन लावीत नाहीं. ज्याच्या हातीं बेडीचें दुसरें टोंक आहे, त्याला ती बेडी दिसत नाहीं.

मग हें पाप कीं रोग? आमच्या मतें, ह्यांपैकीं एकच निवडा असा आग्रह धरणें चुकीचें आहे. रोग म्हटला कीं मनुष्य म्हणतो, "मी काय करूं, माझा इलाज नाहीं." नुसतें पाप म्हटलें कीं मंडळी म्हणते, "ह्याला मनच नाहीं, नाहींतर उद्यांच सोडील." दोन्ही बोलणीं त्याला होता तेथेंच ठेवितात. खरी स्थिति अशी कीं, पुष्कळांनीं पहिली विडी पोरवयांत, मोकळ्या हातानें उचललेली असते. त्यानंतर तो हात हळूहळू बांधला जातो. इच्छाशक्ति मरत नाहीं, परंतु ती आखडते. प्रेषित पौलानें रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायांत आपल्या अंतर्यामाची जी ओढाताण वर्णिली आहे, ती वाचतांना कोणता व्यसनी मनुष्य म्हणेल कीं, हें माझें नव्हे? आणि पौल तेथें सबब सांगत नाहीं. तो सोडविणारा शोधतो. बांधलेल्या मनुष्याजवळ दोन गोष्टींपुरतें स्वातंत्र्य अखेरपर्यंत उरतें: "मी बांधलेला आहें" असें खरें बोलण्याचें, आणि मदतीसाठीं हात पुढें करण्याचें. त्याची जबाबदारीही तेवढ्या जागेंत पुरी उभी राहते. जो तेवढेंही करीत नाहीं, त्याच्याविषयीं मात्र आम्हांस काळजी वाटते.

आतां पहिल्या प्रश्नाकडे परत येऊं. अशा मनुष्याचा सल्ला व्यर्थ होय काय? ज्याला स्वतःला ताप आहे त्यानें दिलेल्या गोळीनें दुसऱ्याचा ताप उतरणें बंद होत नाहीं. सत्य हें सांगणाराच्या चालीवर अवलंबून नसतें. वर उल्लेखिलेला १९६४ चा अहवाल ज्या दहा तज्ज्ञांनीं तयार केला, त्यांपैकीं निम्मे स्वतः धूम्रपान करणारे होते. तरी पुराव्यापुढें त्यांनीं सर्वानुमतें सत्य तेंच लिहिलें. तेवढ्यापुरतें त्यांनीं आपल्या संवयीला न्यायासनावर बसूं दिलें नाहीं.

तथापि येथेंच थांबलों तर आम्ही कंपाउंडरसाहेबांस फार स्वस्तांत सोडिलें असें होईल. कोरड्या पाषाणाची म्हण आपल्या लोकांच्या तोंडीं उगीच आलेली नाहीं. सल्ला खरा असला तरी लपविलेल्या विडीनें त्याचें बळ जातें, आणि दुर्बळ मनुष्यास परवानगी मिळते. करिंथ येथील विश्वासू लोकांस मूर्तीला वाहिलेल्या मांसाविषयीं लिहितांना पौलानें दाखवून दिलें आहे कीं, आपल्या मोकळीकीमुळें जर दुर्बळ बंधु अडखळत असेल, तर ती मोकळीक टाकणें हेंच प्रीतीचें काम होय. मोकळीक टाकावयाची, तर बेडी तर टाकलीच पाहिजे. आपल्या देशाचा २००३ चा तंबाखूविषयक कायदा व २००८ सालापासून सार्वजनिक जागीं असलेली धूम्रपानाची मनाई दवाखान्यांसही लागू आहे. परंतु रोग्यानें ठेविलेला विश्वास हा त्या कायद्याहून जुना आहे.

म्हणून कंपाउंडरसाहेबांनीं एवढेंच म्हणावें अशी आमची इच्छा आहे: "बाबा, तुम्ही मला पाहिलें तें खरें. विडी वाईट हें मी जाणतों, आणि तिनें मला धरलें आहे हेंही जाणतों. माझ्यासारखे तुम्ही अडकूं नका. चला, आपण दोघे मिळून सोडण्याचा यत्न करूं." अशा शब्दानें त्यांचा मान जाणार नाहीं. निर्दोष मनुष्याच्या दहा उपदेशांहून हा एक शब्द त्या वृद्ध बंधूंच्या हृदयांत खोल जाईल.

आतां उपदेशक बंधूंच्या पत्रांतील शेवटच्या दोन ओळी. ते लिहितात कीं, ते स्वतः गेलीं अठरा वर्षें तपकीर ओढतात; डबी सदऱ्याच्या आंतल्या खिशांत असते, आणि विडीविषयीं बोलतांना त्यांचा हात त्या डबीवरच होता. वाचकहो, ह्या कबुलीबद्दल आम्हांस त्या बंधूंविषयीं आदर वाटतो. त्यांना उत्तर सुचलें नाहीं ह्याचें कारण अज्ञान नव्हतें. आणि हा हात आपल्यांपैकीं पुष्कळांच्या खिशांत आहे. २०१६-१७ च्या सरकारी पाहणींत महाराष्ट्रांतील प्रौढांपैकीं शेंकडा ३.८ लोक धूम्रपान करणारे आढळले. परंतु तंबाखू, मिश्री, गुटखा, तपकीर अशा धूर नसलेल्या रूपांत तें विष घेणारे शेंकडा २४.४ होते. विडीकडे बोट दाखविणाऱ्या किती घरांत पहांटे प्रार्थनेपूर्वीं मिश्रीची चिमूट दांतांस लागते! निकोटीन तेंच, कुलूप तेंच. आणि धूर नाहीं म्हणून तोंडाचा कर्करोग टळत नाहीं.

ज्यांस सुटावयाचें आहे त्यांस थोडें व्यवहाराचें सांगतों. झोंपेंतून उठल्यावर पांच मिनिटांच्या आंत ज्याला विडी लागते, त्याची बेडी घट्ट आहे असें समजावें. केवळ निश्चयाच्या बळावर, कोणाचीही मदत न घेतां सोडणाऱ्यांपैकीं वर्षानंतर शंभरांतील फार थोडेच टिकतात. म्हणून मदत घेणें हा अविश्वास नव्हे. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण. त्रास बहुधा दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. निकोटीनचा चघळण्याचा गोंद व चिकटपट्टी मिळते. तीं त्या कुलुपांस धुराशिवाय थोडें थोडें शमवितात. व्हॅरेनिक्लिन नांवाची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानें घेतात. ती कुलुपांत अर्धीच फिरणारी किल्ली होय. सरकारनें २०१६ सालीं १८००-११-२३५६ ह्या क्रमांकावर विनामूल्य सल्ल्याची सोय केली आहे. आणि उशीर झाला असें कोणी म्हणूं नये: ब्रिटिश डॉक्टरांच्या त्याच नोंदींत दिसून आलें कीं, चाळिसाव्या वर्षीं सोडणारास त्या गमावलेल्या दहांपैकीं सुमारे नऊ वर्षें परत मिळतात, आणि साठाव्या वर्षीं सोडणारासही सुमारे तीन. एकदां पडलेला पुन्हां उठतो. पुष्कळांची सुटका कांहीं यत्न फसल्यावरच झालेली आहे.

मंडळीच्या वडिलांस आमची विनंती आहे कीं, अशा बंधुभगिनींचीं नांवें सभेंत पुकारूं नयेत. दोघांची जोडी लावून द्यावी, त्यांनीं रोज संध्याकाळीं एकमेकांस भेटावें, खरें तें सांगावें, आणि पडल्यास हंसूं नये.

उपदेशक बंधूंस आम्हीं असें कळविलें आहे कीं, त्यांनीं पहिल्यानें त्या वृद्ध गृहस्थांकडे जाऊं नये. दवाखाना बंद होण्याच्या वेळीं कंपाउंडरसाहेबांकडे जावें, खिशांतील डबी काढून त्यांच्या टेबलावर ठेवावी, आणि आपली गोष्ट आधीं सांगावी. मग दोघांनीं मिळून त्या खोकणाऱ्या बंधूंच्या घरची वाट धरावी. तेथें काय घडलें तें त्यांनीं आम्हांस लिहावें. आम्ही त्यांच्या पत्राची वाट पाहत आहों, आणि तोंवर त्या तिघांसाठीं प्रार्थना करीत आहों.